पाटाच्या पाळीने

जानीलच्या गायी त्या सकाळी तळ्यावर गेल्या आणि पाणी न पिताच परत आल्या. जानील माझी शेजारीण. सडकेच्या कडेला धुरावलेले मासे विकते, आणि तिची जीभ त्या माशांहून खारट. गायींच्या मागोमाग तीही तरातरा आली आणि फाटकातूनच ओरडली, "कान्यशाय, बाहेर ये! तळं चोरलंय कुणीतरी!"

मी बालवाडीत स्वयंपाक करते. लापशी शिजवायला निघायची वेळ झाली होती, तरी तशीच तिच्याबरोबर धावले. आमच्या आक-जार गावातून इसिक-कुल तळ्याच्या काठावर जायला एकच रस्ता आहे, दोन्ही बाजूंना जर्दाळूच्या बागा. बागा संपतात तिथे पाणी दिसायला लागतं. त्या दिवशी तिथे पाणी नव्हतं. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत निळे पत्रे उभे केले होते, माणसाच्या डोक्याच्या वर. मागून यंत्राची घरघर येत होती. पत्र्यापलीकडे उंच चौथऱ्यावर लाकडी खोपटं, त्यात एक रखवालदार.

शहरातली कुठलीशी कंपनी काठावर सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी घरं बांधणार, हे आम्ही हिवाळ्यापासून ऐकत होतो. रस्त्याला हात लागणार नाही, असं गावप्रमुख नुर्दिन भर चौकात छातीवर हात ठेवून म्हणाला होता.

बघता बघता अर्धं गाव जमलं. आरडाओरडा झाला, पत्र्यावर चार लाथा बसल्या, आणि मग कुणीतरी म्हणालं, "साग्यनला बोलवा."

झालं. सगळा जमाव आमच्या घराकडे वळला. साग्यन माझा नवरा.

पाच वर्षांपूर्वी आमची उन्हाळी कुरणं अशीच कुणाच्या तरी घशात चालली होती, तेव्हा साग्यन पुढे झाला होता. शाळेत इतिहास शिकवायचा. आवाज असा, की मागच्या बाकावरचा पेंगणारा पोरगाही ताठ बसावा. गाव त्याच्या मागे गेलं. मग एके सकाळी पोलीस आले आणि त्याला गाडीत घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गाव चौकात जमलं, लोकांनी एकमेकांची तोंडं बघितली, आणि 'साग्यन आल्यावर बघू' म्हणत जो तो घरी गेला. साग्यन आला तोवर हिवाळा उलटला होता. कुरणं गेली होती, शाळेतली नोकरीही गेली होती. त्यानंतर तो बागेत राबायचा, झाडांशी बोलायचा, आमच्याशी फारसं नाही.

जमाव फाटकात आला तेव्हा तो शिडीवर चढून वाळक्या फांद्या छाटत होता. त्याने कात्री थांबवली, पण खाली उतरला नाही.

"आके, चला," लोक थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाले. "तुम्ही बोला, आम्ही मागे आहोत."

'मागे आहोत' हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी फाटकात आडवी उभी राहिले. "तो येणार नाही. मागच्या वेळीही तुम्ही मागेच होतात. इतके मागे, की त्याला नेलं तेव्हा माझ्या दारात कुणी दिसलं नाही."

पुढची माणसं फाटकापासून मागे सरकली. जानीलसुद्धा. मी वळून शिडीकडे पाहिलं. त्याने पुन्हा कात्री उचलली आणि चांगल्या हिरव्या फांदीवर चालवली.

तेवढ्यात माझी सासू घरातून बाहेर आली. तुर्सुन-अपा. एका हातात तिचं बुटकं स्टूल, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास.

"कुठे निघालात, अपा?"

"कुठे म्हणजे? तळ्यावर. चहा प्यायला."

"तिथे पत्रे लावलेत."

"मग पत्र्याकडे बघत पिईन," म्हातारी म्हणाली. "लग्न करून या गावात आले तेव्हापासून त्या वाटेनं जातेय. पत्रा लावला म्हणून माझे पाय वाट विसरणार आहेत का?"

ती गेली आणि पत्र्यापाशी स्टूल टाकून बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिनेही कुणाला सांगितलं नाही. पण म्हातारी एकटी बसलेली कशी बघवणार? दोन बायका तिच्याजवळ बसल्या. कुणी पाव आणला, कुणी जर्दाळूचा मुरंबा. दुपारी माझी लापशीची भांडी घासून झाल्यावर मीही गेले. संध्याकाळी उठताना जानील म्हणाली, "उद्या कोण बसणार?"

यावर भांडण जुंपलं. मी का, तू का नाही, माझ्या मेंढ्या व्यायल्यात, तुझं अंगण सारवायचंय. रोज सगळ्यांनी बसणं शक्य नव्हतं. दिवस वसंताचे, शेतात मरणाचं काम.

"उद्या पाटाचं पाणी कुणाचं?" अपानं विचारलं.

"वरच्या आळीचं."

"मग बसायची पाळीही तिचीच. परवा मधल्या आळीची. संपलं. याला काय पंचायत बोलवायची?"

हे इतकं सरळ होतं की कुणाला हरकत घ्यायला जागाच सापडली नाही. डोंगरातून येणारा पाट आमच्याकडे आळीआळीने फिरतो. कुणानंतर कुणाचं पाणी, हे गावातलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल. ज्याच्या बागेत पाणी, तो घरीच असतो, शेतावर लांब जात नाही. एकानं वाफ्यांत पाणी वळवत दारं धरायची, बाकीच्यांनी पत्र्यापाशी बसायचं. दुसऱ्या दिवशी वरची आळी आली. येताना त्यांनी लोकरीच्या नमद्याचा एक गोल तंबूच आणला आणि पत्र्याला लागून उभा केला. चहाचा समोवर पेटला. आत बायका दोऱ्या वळत बसल्या, बाहेर म्हातारे सोंगट्या खेळत बसले. कुणाच्या तरी खांद्यावर चढलेल्या पोराच्या हातून पत्र्यापलीकडच्या रखवालदारालाही चहाचा वाडगा गेला. शायलू त्याचं नाव, शेजारच्या बेलेस गावचा, गरीब स्वभावाचा.

"मला तुमच्याशी बोलायची मनाई आहे," तो म्हणाला.

"मग बोलू नकोस. प्यायची मनाई नाही ना?"

त्याने वाडगा दोन्ही हातांनी घेतला.

सगळं असंच गोडीगुलाबीत चाललं, असं मात्र नाही. खालच्या आळीतला एमिल ट्रॅक्टर चालवतो, अंगात रग भरपूर. त्यांच्या पाळीच्या दिवशी तो ट्रॅक्टर घेऊनच आला. "आज पाळी आमची आहे. आमच्या पाळीत आम्हाला वाटेल ते करू. साखळी बांधतो आणि हा पत्रा एका झटक्यात ओढतो."

त्याला अडवायचा अधिकार तसा कुणालाच नव्हता. पुढारी असता तर त्याने हात वर करून थांबवलं असतं. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो.  गाडीत बसवलेला साग्यन डोळ्यांपुढे आला.

तुर्सुन-अपा स्टुलावरून उठलीही नाही. "ओढ बाबा. तुझीच पाळी आहे. उद्या कुणाची आहे?"

"वरच्या आळीची."

"म्हणजे तुझ्या बहिणीच्या सासरची. तू आज पत्रा पाडून घरी जाशील, आणि उद्या पोलीस येतील तेव्हा इथे तुझी बहीण पोर मांडीवर घेऊन बसलेली असेल. पाटाचं कसं असतं, एमिल? आपल्या पाळीत बांध फोडला तर चिखल कुणाच्या दारात जातो?"

एमिलने ट्रॅक्टर बंद केला. मग खाली उतरला आणि रागारागाने लाकडं फोडायला लागला. समोवरला आठवडाभर पुरतील एवढी फोडली. "हे तरी चालेल ना?" त्याने विचारलं, आणि सगळ्या बायका हसल्या.

त्यानंतर एक न ठरलेला नियमच होऊन गेला. आपल्या पाळीत काही करायचं तर पुढच्या पाळीला ते निभावता येईल का, एवढं बघायचं. कुणी लिहून ठेवलं नाही, कुणी शपथ घातली नाही.

मधल्या आळीत लग्न निघालं तेव्हा मात्र मला वाटलं, आज तंबू रिकामा राहणार. मी बालवाडीतून धावत गेले, निदान मी तरी बसेन म्हणून. बघते तर काय, अख्खं वऱ्हाड तिथेच! नवी सून पांढरा रुमाल बांधून तंबूच्या दारात बसलेली, कढईत पिठाचे बोरसोक तळले जातायत, तिचा सासरा तीन तारांचा कोमुझ छेडतोय आणि म्हातारे एकमेकांना ढोसून नाचवतायत. जानील माझ्या तोंडात मटणाचा तुकडा कोंबत म्हणाली, "नव्या सुनेला तळं दाखवायची रीत आहे की नाही? आम्ही आणलं हो दाखवायला. आता तिच्या नशिबी निळा पत्रा आला, त्याला आम्ही काय करणार?" सून लाजली आणि हळूच म्हणाली, "फटीतून दिसतंय थोडं." त्यावर असा काही हशा पिकला की शायलूही खोपट्यातून डोकं काढून हसला.

दुसऱ्या दिवशी गावप्रमुख नुर्दिन आला. गाडीतून उतरून त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"तुमच्यातला मुख्य कोण? त्याला माझ्याबरोबर पाठवा. जिल्ह्याचे साहेब बोलायला तयार आहेत."

"मुख्य समोवर," जानील म्हणाली. "तो थंड झाला की आम्ही घरी जातो."

"चेष्टा नको. कुणीतरी ठरवत असेलच की, आज कोण, उद्या कोण!"

"पाट ठरवतो," कुणीतरी म्हणालं. नुर्दिनच्या बागेलाही त्याच पाटाचं पाणी. तो चिडून लाल झाला. "मला सगळं कळतं. साग्यन घरात बसून सूत्रं हलवतोय."

मी ते ऐकलं आणि तशीच तिथून उठले. घरी जाऊन साग्यनला सांगितलं. तो म्हणाला, "मी तर एकदाही तिकडे फिरकलो नाही."

"पोलिसांना ते कोण सांगणार?"

"कान्यशाय," बऱ्याच वर्षांनी त्याने मला नावाने हाक मारली, "आले तर येऊ देत."

आणि ते आले. आम्ही अंगणात नाश्ता करत होतो. त्याला शेवटचा घास खाऊ देतो म्हणाले. मागच्या वेळेपेक्षा एवढीच काय ती माणुसकी. अपानं त्याच्या खिशात पावाचा तुकडा घातला. या वेळी मी रडले नाही. गाडी वळणाआड गेली आणि मी अंगणात तशीच उभी राहिले. मनात एकच विचार होता. आता गाव घरी जाणार. 'साग्यन आल्यावर बघू.' मला तिकडे जाऊन बघायचीही हिंमत होईना.

फाटक वाजलं. एमिलची आई पिठाचं पोतं ओढत आत आली. तिच्यामागे जानील, तिच्यामागे ती नवी सून चहाचा पुडा घेऊन. मग कोण कोण. अंगण भरून गेलं. मी वेड्यासारखी विचारत राहिले, "तुम्ही इथे कशा? मग तिकडे कोण आहे?"

"तिकडे वरची आळी आहे," जानील म्हणाली. "त्यांची पाळी नाही का आज? चल, आवर. बालवाडीतली पोरं उपाशी आहेत आणि तू काय दाराला टेकून उभी!"

मी ओढणी सारखी केली आणि आधी तळ्याकडे धावले. तंबूतून धूर निघत होता. वरची आळी पूर्ण हजर होती, आणि शेतावरची कामं टाकून बाकीच्या आळ्यांमधलीही माणसं येऊन बसली होती. सोंगट्या चालू होत्या. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडले. एवढी रडले की शायलूने पत्र्यापलीकडून घाबरून विचारलं, "एजे, ताई, कुणी गेलं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "कुणीच गेलं नाही. सगळे इथेच आहेत."

साग्यनला त्यांनी फार दिवस ठेवलं नाही. तिकडे काय झालं ते त्याने परत आल्यावर अंगणात बसून सांगितलं, आणि सांगताना त्याचा तो जुना वर्गातला आवाज हळूहळू परत येत होता.

"रोज मला विचारायचे, 'आज किती लोक बसलेत माहीत आहे का?' मी म्हणायचो, नाही. मग म्हणायचे, 'कालच्यापेक्षा जास्त. त्यांना थांबव.' शेवटी तो अधिकारी माझ्यासमोर फोन घेऊन बसला. म्हणाला, 'एक शब्द सांग त्यांना, लगेच सोडतो.' मी म्हटलं, साहेब, सांगितलं असतं हो. पण ते माझं ऐकतील कशाला? ही माझी आईसुद्धा माझं ऐकत नाही!"

अपा तोंडावर रुमालाचं टोक धरून हसत सुटली.

"मग तो म्हणाला, 'तू पुढारी नाहीस, तर तुला ठेवून मला काय मिळणार?' मी म्हटलं, मलाही तेच वाटतंय. तर त्याने मला फाटकापर्यंत सोडलं, आणि हळूच विचारलं, 'आके, खरं सांगा, हे चालतं तरी कसं?'"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मी बरेच दिवस गावात नव्हतो, मलाही जाऊन बघायचंय."

त्या दुपारी साग्यन पहिल्यांदा तिकडे आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याला पुढे बसवलं नाही. एमिलने सरकून त्याला जागा दिली आणि हातात सोंगट्या ठेवल्या. मी माझ्या नवऱ्याकडे पाहत होते. खांद्यावरून ओझं उतरलेला माणूस कसा दिसतो, ते मला तेव्हा कळलं.

आणि मग गोष्ट आमच्या हातातून निसटली. हो, निसटलीच म्हणायची. काठावर पत्रे लागलेलं गाव काही आमचं एकटंच नव्हतं. बेलेसमध्ये पत्र्यापाशी माणसं बसायला लागली. त्यांच्याकडे पाट नव्हता. ते ज्या क्रमाने आळीपाळीने गुरं राखायला जातात त्या क्रमाने बसले. त्यापलीकडच्या गावात भाकरीचा तंदूर पेटवायची घरोघरी जी पाळी असते, तिच्या हिशेबाने. आम्ही कुणालाही शिकवायला गेलो नव्हतो. आम्हाला तर हे शायलूकडून कळलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काय सांगू एजे! माझी बायको तिकडे पत्र्यासमोर बसलीय, आणि मी इकडे पत्र्याची राखण करतोय. घरी गेलो की भाकरी कुठल्या तोंडानं मागू?"

"मग इकडच्या बाजूला ये," अपा म्हणाली.

तो आला. टोपी खोपट्यात ठेवून शांतपणे आला, आणि सोंगट्यांच्या डावात बसला.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा जिल्ह्याचे साहेब स्वतः आले. मागे नुर्दिन, आणि कंपनीचा एक घामाघूम माणूस. आम्ही त्यांना तंबूत मानाच्या जागी, दाराच्या समोर बसवलं. चहा दिला, मलई दिली. पाहुण्याला उपाशी ठेवायची रीत नाही.

"मला तुमच्या एका माणसाशी बोलायचंय," साहेब म्हणाले. "एवढ्या सगळ्यांशी कसं बोलणार?"

"एकेकाशी बोला," अपा म्हणाली. "आम्हाला घाई नाही."

त्यांनी खरंच सुरुवात केली. नव्या सुनेला विचारलं, "तुला काय हवंय, मुली?" ती म्हणाली, "रस्ता." एमिलला विचारलं. "रस्ता." कंपनीच्या माणसाने मधेच तोंड घातलं, गावासाठी खेळाचं मैदान बांधून देतो, पोरांना नोकऱ्या देतो. जानील म्हणाली, "मैदान बांधा की. पण रस्त्यावर नको." ते साग्यनकडे वळले. डोळ्यांत आशा होती, शिकलेला माणूस आहे, समजून घेईल.

साग्यन म्हणाला, "मला विचारू नका, साहेब. आज पाळी खालच्या आळीची आहे, आणि मी मधल्या आळीचा."

साहेबांनी चहाचा वाडगा खाली ठेवला. बाहेर बघितलं. रस्ताभर माणसं होती, बागांच्या कुंपणांवर माणसं होती, आणि त्यात एकही चेहरा असा नव्हता ज्याला उचलून गाडीत घातलं म्हणजे बाकीचे विरघळतील. माझ्या अंदाजाने ते त्यांना तिथेच कळलं. ते कंपनीच्या माणसाकडे वळून थकल्या आवाजात म्हणाले, "रस्त्यावरचे पत्रे काढा. काठावर जायची वाट मोकळी राहील. बाकीच्या गावांतही."

"पण साहेब, आमचे पाहुणे..."

"तुमच्या पाहुण्यांनाही चहा मिळेल," अपा म्हणाली. "पत्रे काढा आधी."

कंपनीची माणसं पाने-पकडी घेऊन आली. एमिल पाच मिनिटं बघत राहिला आणि मग त्याला राहवेना. "असे काढतात का? आयुष्य जाईल तुमचं!" त्याने पाना हिसकावला. मग काय, गावच तुटून पडलं. शायलू, नुर्दिनचा थोरला मुलगा, कंपनीचे मजूर, सगळे एकत्र पत्रे धरून बाजूला ठेवत होते. पहिला पत्रा आडवा झाला आणि त्या फटीतून तळं एकदम रस्त्यावर आल्यासारखं वाटलं. इतकं निळं, की डोळे मिटावेत. पलीकडे बर्फाचे डोंगर जागच्या जागी होते.

सगळ्यांत आधी जानीलच्या गायी शिरल्या. माणसांना ढुशा देत, शेपट्या उडवत थेट पाण्यात. मग पोरं. मग नवी सून, झगा गुडघ्यापर्यंत उचलून, किंचाळत. तळ्याचं पाणी अजून बर्फासारखं गार होतं, पण त्या दिवशी कुणाला थंडी वाजली नाही. म्हातारे बूट हातात घेऊन उभे राहिले आणि लहान पोरांसारखे एकमेकांच्या अंगावर पाणी उडवायला लागले. अपाला एमिल आणि साग्यनने दोन्हीकडून धरून पाण्यापर्यंत नेलं. तिने ओंजळ भरली, तोंडावरून फिरवली आणि काहीतरी पुटपुटली. काय, ते आम्ही विचारलं नाही.

साहेबांबरोबर शहरातून एक बातमीदार मुलगी आली होती. ती हातात माइक घेऊन किनाऱ्यावर भांबावून फिरत होती. तिने मला गाठलं.

"ताई, हा विजय कुणाचा म्हणू? कुणाचं नाव घेऊ?"

मी आजूबाजूला बघितलं. साग्यन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मोठ्याने गात होता, बेसूर, आणि त्याच्याभोवती अर्धं गाव तसंच बेसूर गात होतं.

"माइक घेऊन पाण्यात उतर," मी म्हटलं, "आणि एकेकाला विचारत जा. सगळ्यांची नावं घे. घाई करू नकोस, आज कुणी घरी जाणार नाही."